प्रकाशयोजना यथातथ्य

मराठी वर्तमानपत्रातलं नाट्यपरीक्षण एका ठरलेल्या साच्यात चालतं. पहिले तीन परिच्छेद कथानक. (ते वाचलं की नाटकाला जाण्याचं कारण उरत नाही आणि तिकिटाचे पैसे वाचतात.) मग नट कुठे कमी पडला, लेखक कुठे घसरला आणि परीक्षक त्याच्या जागी असता तर काय झालं असतं, याचा ऊहापोह. शेवटी जागा उरलीच तर एक वाक्य : 'नेपथ्य ठीक, प्रकाशयोजना यथातथ्य.' संपलं! जो माणूस तीन तास काळोखात उभा राहून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडतो, त्याच्या वाट्याला जन्मभर हे अर्धं वाक्य.

या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो, कारण मी बँकेत कारकून आहे. कुठल्याही समारंभात आभार मानताना 'आणि सर्व कर्मचारी वर्ग' असं जे म्हणतात ना, त्यातल्या 'वर्ग' या शब्दात मी गेली बावीस वर्षं बसतो आहे. तेव्हा प्रकाशयोजना हेच ज्यात नाटक आहे, असा एक प्रयोग माझ्याच घरात दरवर्षी होऊ लागल्यावर त्याचं रीतसर परीक्षण करणं मला कर्तव्य वाटू लागलं. नाटकाचं नाव हनुका. अंक आठ. स्थळ : मुलुंड पूर्व, आमचा दिवाणखाना, जो रात्री दहानंतर शयनगृह होतो. परीक्षकाची पात्रता : बी.कॉम., दुसरा वर्ग.

आधी पात्रपरिचय. आमची सौ. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. माहेर ठाण्याचं. आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. त्यात नोटीस तीस दिवस फलकावर लावतात आणि कोणाला हरकत असली तर घ्यायला सांगतात. तीस दिवसांत त्या फलकाकडे कुत्रं फिरकलं नाही. हरकत घेणाऱ्या दोघीच होत्या आणि त्या घरी होत्या : एक माझी आई आणि दुसरी तिची. दोघींची हरकतही शब्दशः एकच होती : "आपल्यात असं नसतं."

ज्यू म्हणजे कोणी गोरेपान, निळ्या डोळ्यांचे, इंग्रजी पिक्चरमधले लोक असणार, अशी आईची समजूत. प्रत्यक्षात सासूबाई आल्या त्या 'कर'नं संपणारं आडनाव घेऊन, रायगडी हेल काढत आणि हातात गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा घेऊन. "कोलंबी आमच्यात चालत नाही हो, खवलं असलेलं मासळं पाहिजे. पापलेट चालतं," असं त्यांनी सांगितलं आणि पापलेटाच्या भावावरून जो संवाद सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. त्यानंतर आमच्या दाराच्या चौकटीवर उजवीकडे मेझुझा आली, वर आंब्याचं तोरण होतंच. मेझुझा म्हणजे आतल्या गुंडाळीवर प्रार्थना लिहिलेली एक छोटी नळी. पोस्टमन तिला नवीन पद्धतीची बेल समजून दोनदा दाबून गेला.

आता कथानक. इसवी सनापूर्वी १६७ मध्ये अँटिओकस नावाच्या ग्रीक राजानं ज्यूंच्या धर्मावर बंदी घातली. शब्बाथ पाळायचा नाही, मुलांची सुंता करायची नाही, आणि जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा. मग यहूदा मक्काबी आणि त्याचे भाऊ डोंगरात शिरले, गनिमी काव्यानं लढले (इथे मराठी प्रेक्षक सरसावून बसतो) आणि इसवी सनापूर्वी १६४ मध्ये मंदिर परत घेतलं. दिवा लावायला गेले तर शुद्ध, मोहोरबंद तेलाची एकच कुपी शिल्लक. तेल एका दिवसाचं. ते आठ दिवस जळलं. म्हणून किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस दिवे. पडदा.

परीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप संहितेवर आहे. मक्काबींच्या लढ्याचे जे जुने दोन ग्रंथ आहेत त्यांत युद्ध आहे, विजय आहे, आठ दिवसांचा उत्सव आहे. तेलाचा चमत्कार मात्र नाही. तो येतो थेट तालमूदमध्ये, काही शतकांनंतर. म्हणजे मूळ नाटकात नसलेला प्रवेश पुढे कोणीतरी घातला, आणि नाटक चाललं ते त्या प्रवेशावर! ज्यांनी आमची संगीत रंगभूमी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरा आक्षेप ऑडिटचा आहे. तेल एका दिवसाचं होतं ना? मग पहिला दिवस नियमानुसार जळायचाच होता. त्यात चमत्कार कसला? चमत्कार शिल्लक सात दिवसांचा. मग सण आठ दिवसांचा कसा? एक दिवस जादा खर्ची पडला आहे, व्हाउचर कुठे आहे? लग्नानंतरच्या पहिल्याच हनुकाला मी हा प्रश्न विचारला आणि आपण फार मोठी चूक पकडली या आनंदात साबुदाणा खाल्ला. सौ. म्हणाली, "हे सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी विचारून ठेवलंय. त्याची उत्तरंच कितीतरी आहेत." तात्पर्य, बँकेच्या ऑडिटरला सुचतं ते धर्मपंडिताला चारशे-साडेचारशे वर्षं आधी सुचलेलं असतं. यातलं एक उत्तर मी शेवटासाठी राखून ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट हा आक्षेप नाही; ती मला या नाटकातली सर्वांत मोठी जागा वाटते, आणि ती नाटकाबाहेर घडली आहे. बेने इस्रायलांची परंपरा अशी : त्यांचे पूर्वज जहाजातून येत असता अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात हिशेब मांडला आहे : इसवी सनापूर्वी १७५, अँटिओकसच्या काळात. आता गंमत बघा. ज्या खलनायकाच्या जाचाला कंटाळून हे लोक निघाले, त्याचा पराभव मागाहून झाला, दिवे मागाहून लागले, आणि बातमी काही कोकणात पोचली नाही. पुढे बाहेरच्या धर्मबांधवांनी येऊन सांगेपर्यंत यांना हनुका ठाऊकच नव्हता! बदली होऊन माणूस गावी रुजू व्हावा आणि मागच्या शाखेत बोनस जाहीर व्हावा, त्यातला प्रकार.

पण याहून मोठी गंमत पुढे आहे. हे चौदा जण आणि त्यांची पोरंबाळं कोकणात कोणता धंदा करू लागली? तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाताला तेलाचा वास, त्यांना तेलाचा सण माहीत नाही! आणि तरी शब्बाथ पाळला, सुंता चुकवली नाही, बिनखवल्याचं मासळं खाल्लं नाही. हिब्रू बहुतेक सगळी विसरली. परंपरा सांगते की 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. सुखात, दुःखात, बारशाला, मयताला तीच. एका प्रार्थनेवर त्यांनी शतकं काढली. एका कुपीवर आठ दिवस काढण्याचा चमत्कार यांना वेगळा शिकवायची गरज होती का, हा प्रश्न मी परीक्षक म्हणून नुसता नोंदवून ठेवतो.

आता प्रयोगाविषयी. मी ज्या प्रयोगाचं परीक्षण करतो आहे तो २०२४ सालचा. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं, अधिक महिनाही धरतं. त्यामुळे हनुका इंग्रजी तारखांतून मागेपुढे हिंडत असतो, पण अमावास्या कधी सोडत नाही. त्या वर्षी पहिला दिवा २५ डिसेंबरच्या संध्याकाळी आला. नाताळची सुटी, म्हणजे पहिल्या प्रयोगाला परीक्षक वेळेवर हजर. सासूबाई ठाण्याहून आल्या. जुन्या नऊवारीत गुंडाळलेली ती लाकडी पाटी उलगडली : आठ पेले एका रांगेत आणि नववा जरा वर. त्यात खोबरेल घालायचं. पण डिसेंबरातल्या मुलुंडात खोबरेल सकाळी गोठलेलं असतं. (इथे थंडी पडली की नाही हे वेधशाळा नव्हे, खोबरेलाची बाटली ठरवते.) कन्या बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात धरून उभी. चमत्कारातलं तेल असं आमच्याकडे आधी पातळ करावं लागतं.

ही पाटी खिडकीत ठेवायची असते, बाहेरून जाणाऱ्याला दिसेल अशी. ही जाहिरात आहे. चमत्काराची प्रसिद्धी करणं हा नियमच आहे. आणि आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आईची तुळस आहे. पहिल्या वर्षी यावरून चर्चा झाली. शेवटी तुळस वीतभर डावीकडे सरकली, पाटी वीतभर उजवीकडे सरकली आणि दोन राष्ट्रांत होत नाही असा करार बारा इंचांत झाला.

आता परीक्षणात ज्याला अर्धं वाक्य मिळतं त्या खात्याकडे येऊ. पहिल्या दिवशी एक दिवा, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठव्या दिवशी आठ. शिवाय रोज वरचा नववा. त्याला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. त्याच्यानं बाकीचे लावायचे. एकंदर दिवे चव्वेचाळीस. (मी दोनदा बेरीज केली आहे.) पेले भरत जायचं उजवीकडून डावीकडे, पण लावायला सुरुवात नव्या दिव्यापासून. आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात याला 'लिफो' म्हणतात : शेवटी आला तो आधी बाहेर.

यावर प्राचीन काळी वाद होता. शम्मायची शाळा म्हणे, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. शिल्लक दिवस तसेच कमी होतात. हिल्लेलची शाळा म्हणे, एकापासून वाढवत जा; पवित्र गोष्टीत चढावं, उतरू नये. म्हणजे एक पक्ष घसाऱ्याचा आणि दुसरा रिकरिंग डिपॉझिटचा! रिकरिंगवाले जिंकले. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ मला लिफ्टपाशी म्हणालेच, "तुमच्या खिडकीत रोज एक दिवा वाढतोय. हप्त्यानं घेतलेत काय?"

यातला माझा आवडता नट शमाश. आठ दिव्यांचा उजेड फक्त बघायचा. त्यात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. काम करायचं ते शमाशच्या उजेडात. सगळ्यांना पेटवतो तो, उपयोगी पडतो तो, आणि मोजणीत मात्र धरत नाहीत. आठच म्हणतात. 'आणि सर्व कर्मचारी वर्ग!' मी त्याला पाहिलं आणि माझे डोळे भरून आले.

दुसरा अंक, २६ डिसेंबर. हा अंक कोणी लिहिला असता तर परीक्षकांनी 'योगायोगांचा अतिरेक' म्हणून झोडपला असता. त्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे आईच्या महालक्ष्मीचं उद्यापन. त्याच दिवशी एकादशी. त्यामुळे पुरणाच्या नैवेद्याचं आणि उपवास सोडण्याचं काय, यावर सोसायटीत दोन तट पडलेले. आणि इकडे हनुका, ज्यात तेलाची आठवण म्हणून तळलेलं खायचंच. एकीकडे उपासाचं हवं, दुसरीकडे तळलेलं हवं, शिवाय ते कोशर हवं. दोघी विहिणी ओट्यापाशी पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "साबुदाणावडे!" जगात ज्यू लोक हनुकाला बटाट्याचे तळलेले पॅटिस खातात, आमच्या वड्यातही बटाटा आहेच. दोन धर्मांना एका कढईत तळणारा हा पदार्थ आहे आणि त्याची कोणी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीकडे कलश, वेणी, पाच फळं. खिडकीत तुळशीची पणती, शेजारी दोन दिवे आणि शमाश. "हे काय हो?" एकीनं विचारलं. आई म्हणाली, "ही ज्यूंची दिवाळी."

इथे परीक्षकाला हस्तक्षेप करणं भाग आहे. हे भाषांतर वाईट आहे. सोयीचं आहे, प्रेमाचं आहे, पण वाईट आहे. दिवाळी भरलेल्या घराचा सण. तेल संपलं तर वाण्याकडून आणायचं, आणि वाणी नाही म्हणाला तर भांडायचं. हनुकात तेल नाही हेच कथानक आहे. दिवाळीत लक्ष्मीची वाट बघतात. इथे जे उरलंय तेवढ्यावर सुरुवात करतात. दिवाळी म्हटलं की पाहुण्याला वाटतं, 'अच्छा, म्हणजे आमच्यासारखंच,' आणि तो पुढचा प्रश्न विचारत नाही. आपल्यासारखं नसलेलं माणूस आपल्यासारखंच आहे असं म्हणून टाकलं की त्याच्याकडे बघायचं काम वाचतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी स्वतः सौ.ला 'आमच्यातलीच आहे हो' म्हणत असे, आणि तिला ते आवडतं असं समजत असे. एकदा ती म्हणाली, "तुमच्यातली आहे, पण तुमच्यातलीच नाही." त्या एका 'च'वर मी अजून विचार करतो आहे.

सासूबाई मात्र पाहुणीला एवढंच म्हणाल्या, "दिवाळी नाय हो. दिवाळी आम्ही मोठी करायचो, चाळीत, सगळ्यांबरोबर. हा आमचा बारका सण. तेल कमी पडलं होतं, त्याचा."

तिसरा अंक शुक्रवारी. शुक्रवारी शब्बाथच्या आधी, सूर्य मावळण्यापूर्वी हे दिवे लावावे लागतात. म्हणजे शाखेतून लवकर निघणं आलं. "कारण?" या रकान्यात मी 'तेल' असं लिहिलं. अर्धी रजा मिळाली. चौथा अंक महिन्यातल्या चौथ्या शनिवारी, म्हणजे बँक बंद. पाचव्याला लोकल अर्धा तास रखडली. सहावा सोमवती अमावास्येचा, सगळ्यांत काळोखी रात्र. त्या दिवशी दिवे सहा. सातवा ३१ डिसेंबरचा, तिमाहीची अखेर. मी साडेनवाला घरी आलो तर सगळे दिवे न लावता बसलेले. "घरातली माणसं जागी असली म्हणजे चालतं," सासूबाई म्हणाल्या. पोटात कावळे ओरडत असताना जागं राहणं हाही कुटुंबाचा धर्मच.

संगीताबद्दल थोडं. सासूबाई हिब्रूत आशीर्वाद म्हणतात, मग 'माओझ त्सूर'. चाल परदेशी, गळा मात्र कोकणातला. यात काही नवल नाही. १८८० च्या सुमारास या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली होती. त्यांचं संपलं की आई तुळशीपाशी शुभंकरोती म्हणते. दोघी एकमेकींचं संपेपर्यंत थांबतात. रेडिओवरसुद्धा इतकी शिस्त नसते.

पण प्रयोगातली सर्वोत्तम जागा यानंतरची. दिवे निदान अर्धा तास जळायला हवेत, आणि ते जळत असताना बायकांनी काम करायचं नाही अशी रीत आहे. सौ. पर्स न उघडता, मोबाइल न बघता बसते. सासूबाई बसतात. पहिल्या वर्षी आईनं हे ऐकलं आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आमच्यात असं का नाही हो?" तेव्हापासून तीही बसते. साडेपाचला उठणाऱ्या तीन बायका रोज अर्धा तास काही न करता खिडकीकडे बघत बसल्या आहेत, हा देखावा मी मुंबईत दुसरीकडे पाहिलेला नाही. त्या अर्ध्या तासात चहा अस्मादिक करतात. चहाबद्दल परीक्षणं बरी नाहीत.

आठवा अंक, १ जानेवारी २०२५. सासूबाईंच्या भावंडांपैकी बहुतेक सगळी कधीच इस्रायलला गेली. मुलगा अश्दोदला, तो फोनवर दिसत होता. तिथं अजून उजेड होता, घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. "आई, आता ये ना कायमची," तो म्हणत होता. ठाण्याची बिल्डिंग पुनर्विकासाला जाते आहे. १८७९ साली बांधलेलं ठाण्याचं सिनेगॉग जागच्या जागी आहे. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि ते मोजावे लागतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कन्येला म्हणाल्या, "आज तू लाव."

कन्या सहावीत आहे. ज्यूंच्या नियमानं ती आईकडून ज्यू, शेजाऱ्यांच्या नियमानं माझ्याकडून हिंदू. २०१६ मध्ये महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा मिळाला, तेव्हापासून घरात शाळेचा फॉर्म आला की मोठी माणसं गंभीर होतात आणि ती विचारते, "दोन्ही लिहिलं तर मार्क जातात का?" तिनं शमाश हातात घेतला. हात थरथरत होता. पेल्यांकडे बघून म्हणाली, "आजी, तेल थोडंच आहे. अर्धा तास पुरेल?"

आणि ऑडिटचं ते राखून ठेवलेलं उत्तर तेव्हा आलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी पण मोजलं असणार ना पोरी. एकाच दिवसाचं आहे हे दिसत होतं. तरी लावला. पयल्या दिवशीचा चमत्कार तोच."

मी व्हाउचर पास केलं.

तेल पुरलं. नंतर सौ.नं नऊवारी आणली, पाटी गुंडाळायला. सासूबाईंनी ती घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली आणि पाटी होती तिथेच राहू दिली. कोणी काही विचारलं नाही. जरा वेळानं आई उठली, तुळशीची कुंडी आणखी चार बोटं डावीकडे सरकवली आणि म्हणाली, "राहू दे. ती जागा आता तिचीच."

तेव्हा समारोप. संहिता सदोष, पण टिकाऊ. अभिनय सहज. संगीत दोन भाषांत. नेपथ्य ठीक, तुळस आता मध्ये येत नाही. प्रकाशयोजनेबद्दल बरंच लिहायचं होतं, पण जागा संपली.